बालकांची स्थूलता आणि प्राथमिक आरोग्यसेवा

दुसरे सवाई जयसिंह यांनी १७२७ साली वसविलेल्या जयपूरच्या तटबंदीयुक्त भागास ‘चारदीवारी’ असे म्हणतात. रुंद, सरळ बाजारपेठा आणि त्यांच्या मागे गल्ल्यांतून दाटीने उभी असलेली घरे, अशी या भागाची रचना आहे. कचोरी आणि मिठाई येथे घरापासून दूर नसते. मुलांना मनसोक्त धावता येईल अशी मोकळी जागा मात्र थोडी. अशा वस्तीत कुपोषणाची दोन्ही रूपे शेजारी शेजारी नांदू शकतात. एका घरी मूल खुरटते, दुसऱ्या घरी ते स्थूल होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २०१९-२१ मध्ये देशातील पाच वर्षांखालील ३५.५ टक्के बालके खुरटलेली होती. अतिवजनी बालकांचे प्रमाण २०१५-१६ मधील २.१ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर गेले होते.

ही दोन रूपे ओळखावयाची कशी? केवळ वजन करून हे साधत नाही. उंचीने खुरटलेल्या परंतु अंगी चरबी साठलेल्या मुलाचे वजन वयाच्या मानाने योग्यच दिसते. म्हणून आरोग्यकेंद्रात येणाऱ्या पाच वर्षांखालील प्रत्येक बालकाचे वजन आणि उंची ही दोन्ही मोजावीत व उंचीच्या मानाने वजन पाहावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली केली. लसीकरणासाठी मूल आणले जाते, तीच या मोजमापाची उत्तम संधी होय.

आपल्याकडे या सावधगिरीस आणखी एक कारण आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळील सहा खेड्यांत एक दीर्घ अभ्यास आरंभिला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलोग्रॅम, तर तुलनेसाठी घेतलेल्या इंग्लंडमधील बालकांचे ३.५ किलोग्रॅम होते. पुण्याच्या बालकांचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान होती. पाठीवरील त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती. वरून कृश दिसणारे मूलही अशा रीतीने चरबीचा वारसा घेऊन जन्मते. दिल्लीतील एका दीर्घकालीन अभ्यासाने २००४ मध्ये असे दाखविले की, बालपणी शरीराचा स्थूलपणा ज्यांच्यात लवकर वाढू लागतो, त्यांना तरुणपणी मधुमेहाचा धोका अधिक असतो.

याचा अर्थ कमी वजनाच्या बालकास उपाशी ठेवावे असा मुळीच नव्हे. त्याला हवा तो सकस आहार. केवळ साखर आणि तूप नव्हे. पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, त्यानंतर स्तनपानासोबत डाळ, भाज्या, फळे व शक्य तेथे अंडी, गोड पेयांना फाटा आणि रोज भरपूर खेळ, हा सल्ला आरोग्यसेविका घरोघरी देऊ शकते. गल्ली अरुंद असली तरी गच्ची असते, अंगणवाडी असते. स्थूल बालकाचेही जेवण तोडावयाचे नसते. त्याची उंची वाढत असते. वजनाचा वेग आवरला तरी पुष्कळ साधते. बालक अतिस्थूल असल्यास मात्र त्याची अधिक तपासणी करून उपचारांची आखणी करणे आवश्यक ठरते.

‘बाळसेदार मूल म्हणजे निरोगी मूल’ ही समजूत घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात खोलवर रुजलेली असते, आणि तिच्यामागे अन्नटंचाईच्या काळाची आठवण आहे. तिचा उपहास करून काहीही साधणार नाही. तराजू आणि उंचीची पट्टी यांवरील नोंद आजीला व आईला एकत्र बसवून दाखविणे, हे काम मोठ्या रुग्णालयापेक्षा गल्लीतील आरोग्यसेविकाच अधिक चांगले करू शकते.