गोठ्यात ऊब हवी, कोंदटपणा नको

दुभत्या गाईंच्या धंद्यात भांडवल घालू पाहणाऱ्या बांधवांनी कंपोस्ट गोठ्याची रीत समजून घ्यावी. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात असा पहिला गोठा २००१ साली उभा राहिला. गाई लाकडी भुशाच्या जाड थरावर मोकळ्या बसतात. शेण-मूत्र त्यातच मुरते. दिवसातून दोनदा, गाई दोहायला नेल्या की, थर सुमारे १० इंच खोल उकरतात. हवा मिळून आत ४५ ते ६५ अंश उष्णता होते, ओल सुकते. ओला कापूस आतून तापतो हे आम्ही कापडवाले जाणतोच! वरचा थर मात्र बराच थंड राहतो. तरी पारा २५ अंशांपुढे गेला आणि हवा दमट असली की होल्स्टीन गाय धापा टाकते, चारा कमी खाते, दूध घटवते. म्हणून छप्पर उंच, बाजू उघड्या आणि पंखे हवेत. भुशाबरोबर वाऱ्याचाही खर्च आधीच हिशेबात धरावा.