पोटातले लुगडे

जुन्या कपड्यांपासून आठवणींच्या गोधड्या शिवून घेण्याची हौस हल्ली शहरांत वाढली आहे, तिच्यावर दिवाळी अंकासाठी काही लिहा, असे संपादकांचे फर्मान आले, तेव्हा पुण्यातील एखाद्या दुकानाची मांडणी पाहून चार पृष्ठे भरता आली असती. परंतु जेथे ही वस्तू पिढ्यान्‌पिढ्या केवळ थंडीच्या भयाने शिवली गेली, तेथील एखादी शिवणारी पाहिल्यावाचून विषयाला हात घालणे मला प्रशस्त वाटेना, आणि म्हणून एका परिचितांची शिफारस घेऊन मी माण तालुक्यातील एका लहानशा गावी, सारा गाव ज्यांना आक्का म्हणतो त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो.

या विद्येचा लिखित इतिहास थोडक्यात आटोपण्याजोगा आहे. भर्तृहरीच्या वैराग्यशतकात जीर्ण कंथा येते ती विरक्ताचे लक्षण म्हणून. मगधातील बांध घातलेली शेते पाहून बुद्धांनी आनंदाला तशाच खंडांचे चीवर करावयास सांगितले, अशी कथा विनयपिटकात आहे. बंगालची कांथा तिच्या नक्षीमुळे संग्रहालयांत पोचली, आणि उत्तर कन्नड जिल्ह्यातील यल्लापूर-हल्याळकडच्या सिद्दी स्त्रियांच्या कवंदीला अलीकडे दूरदूरचे गिऱ्हाईक मिळू लागले. आमची गोधडी, जिला या भागात वाकळ म्हणतात, ती या मालिकेत बिननक्षीची आणि म्हणूनच बिनकौतुकाची राहिली. हे सारे मी आक्कांना सांगितले. त्यांनी ‘व्हय का?’ एवढेच म्हटले आणि सुई ओवली.

माण हा पर्जन्यछायेतला मुलूख. रब्बीची ज्वारी घरात आली, की पावसापर्यंतचे चैत्र-वैशाख हाताला थोडे मोकळे असतात, आणि त्याच दिवसांत लिंबाच्या सावलीत वाकळ अंथरली जाते. तिच्यात जे कापड जाते ते तेथवर अनेक जन्म भोगून आलेले असते. नऊ वारांचे सुती लुगडे म्हणजे सव्वाआठ मीटर कापड. ते प्रथम विरते ते बैठकीच्या जागी, पदर मात्र शाबूत राहतो. मग विरलेला भाग काढून धड तुकडे एकमेकांना जोडायचे, म्हणजे दांड घालायचा, आणि ते दांडाचे लुगडे आणखी वर्ष-दोन वर्षे नेसायचे. तेही गेले, की मऊ भागाची तान्ह्या मुलांसाठी दुपटी होतात आणि उरलेले वाकळेच्या गाठोड्यात पडते. लुगड्याचे दोन-दोन मीटरांचे चार तुकडे पाडून दोहोंचे काठ जोडले, की अंथरुणाएवढा एक थर होतो. म्हणजे एका लुगड्याचे दोन थर, आणि सहा थरांच्या वाकळेला तीन लुगडी. पुढे वाकळही फाटते, आणि तिचे पोतेरे होते.

आक्कांचे शिवणे मी पाहू लागलो तो सौजन्य म्हणून, आणि पाहत राहिलो तो निव्वळ कुतूहलाने. चौकट, खुंट्या, ताण देणारी दोरी यांपैकी तेथे काहीही नसते. वाकळ भुईवर पसरायची आणि शिवणारीने तिच्यावरच बसायचे, तिच्या देहाचा भार हीच चौकट. अंगुस्तान घरात आहे, पण आक्का बोटाला चिंधीच गुंडाळतात. धावदोऱ्याचे तीन-चार टाके एका दमात सुईवर चढवायचे, दोरा ओढायचा, अंगठ्याने ओळ दाबून सपाट करायची, आणि पुढे सरकायचे. दोन मीटर चौरसाच्या वाकळेवर दोन-दोन सेंटिमीटरांच्या अंतराने ओळी घातल्या, तर दोनशे मीटर शिवण होते. सेंटिमीटरला एक टाका धरला तर वीस हजार टाके. हा हिशेब मी वहीच्या कोपऱ्यात मांडून दाखवला, तेव्हा त्या म्हणाल्या, “मोजलं असतं तर एकबी वाकळ झाली नसती, दादा.”

परंतु ज्याने मला खरोखर खिळवले ते निराळेच. अनेक थर एकत्र शिवताना प्रत्येक ओळीगणिक कापड किंचित पुढे ढकलले जाते आणि शेवटी कोठेतरी झोळ येतो. शिवणकाम करणाऱ्या प्रत्येकाला ही पीडा ठाऊक असते. अमेरिकेतील प्रचलित पद्धतीत वरचा पदर आधी संपूर्ण जोडून, मग सारे थर चौकटीवर ताणून हा झोळ आवरतात. आक्का वरचा पदर आधी जोडतच नाहीत. कडेचा गोट घालून त्या काठाकाठाने फेर धरतात आणि आत आत येत जातात; वरची ठिगळे जागच्या जागी ठेवून, त्यांची कड नखाने दुमडून, त्याच धावदोऱ्यात पकडत जातात. त्यामुळे मागील ओळीने जे कापड पुढे ढकलले ते पुढील ठिगळाच्या दुमडीत निमूटपणे जिरते. पुढचे ठिगळ केवढे असावे हे मागची शिवण ठरवते; म्हणून आराखडा काढून वाकळ शिवता येत नाही. फेर मध्यावर येऊन मिटण्यापूर्वी त्या आत भाकरीचा चतकोर तुकडा सारतात, कारण उपाशी वाकळ कोणाला ऊब देत नाही.

दुसरा नियम कापडाच्या निवडीचा. “वरचं राबतं, आतलं निजतं,” असे त्यांनी सांगितले, आणि त्याचा अर्थ असा, की ज्याचे सूत अजून धड आहे ते पृष्ठभागावर यायचे, मग ते कोणाचे का असेना; आणि जे विरले आहे त्याला पोटात विसावा मिळायचा, जेथे हजारो टाके त्याचा भार वाटून घेतात. आवडीनिवडीला या व्यवस्थेत स्थान नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, जुनी वाकळ घराचे बिनचूक दप्तर होऊन बसते. 1943 साली कापडावर सरकारी नियंत्रण आले, त्या दिवसांतली म्हणून दाखवली जाणारी आक्कांच्या सासूबाईंची वाकळ तळहाताएवढ्या ठिगळांची आहे, आणि तिच्यात पोत्याचाही तुकडा आहे. तिच्यानंतरच्या एका वाकळेचा कोपरा उसवला होता; आत मांजरपाटावर मुंबईच्या गिरणीचा पुसट छाप दिसला, कारण या भागातील घराघरांतून पुरुष गिरणगावात गेलेले होते आणि सुटीवर येताना कापड आणीत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, तो ओघ आटला, आणि त्यापुढच्या वाकळांत मांजरपाट क्वचितच दिसतो. पेशवे दप्तरातील निवडक कागद सरदेसायांनी 45 खंडांत छापून काढले. ते कागद ज्या रुमालांत बांधलेले होते त्यांचे सूत कोठले, हे विचारण्याचे कारण मात्र फारसे कोणाला पडले नसावे.

आता संपादकांच्या मूळ विषयाकडे येतो, आणि येथूनच अडचणींना प्रारंभ होतो. मूळच्या वाईच्या, परंतु आता पुण्यात स्थायिक झालेल्या एका कुटुंबाने आपला वाडा विकताना निघालेल्या कपड्यांचे गाठोडे आक्कांकडे पाठवले होते. त्यात आजींची पैठणी होती, मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असलेल्या आजोबांचा लोकरी कोट होता, एक कुंची, वडिलांचा टेरिलीनचा शर्ट, आणि वर्तमानपत्रात वेगळे गुंडाळलेले, पणजीचे म्हणून सांगितलेले तांबडे आलवण. सोबत एक कागद होता, आणि त्यावर प्रत्येक वस्त्राची जागा चौकोन आखून मुक्रर केली होती: पैठणी मध्यभागी, कोट उशाकडे. आलवणाला चौकोन नव्हता.

आराखडा काढून शिवणे हेच मुळी आक्कांच्या विद्येच्या विरुद्ध. परंतु अडचण तेवढ्यावर थांबली नाही. पैठणीचे रेशीम घडीघडीवर चिरलेले, आणि जुनी जर म्हणजे अखेर चांदीची तार, ती शेजारच्या कापडाला करवतीसारखी लागते. आक्कांच्या न्यायाने तिची जागा पोटात. धन्यांच्या इच्छेने ती मध्यावर, सर्वांच्या डोळ्यांपुढे. कोट जाड, शिवाय पाण्यात आटणारा. नवरात्र बसण्यापूर्वी घरातील झाडून साऱ्या वाकळा ओढ्यावर नेऊन बडवायच्या, ही येथील रीत. हिला बडवायचे कसे? आक्का म्हणाल्या, “धुवायची न्हाई, पांघरायची न्हाई, मंग तिला वाकळ कशापायी म्हनायचं?” मला याचे उत्तर सुचले नाही, आणि अशा गोधड्या भिंतीवर टांगतात हे सांगण्याचा धीरही झाला नाही.

आलवण त्यांनी उन्हात धरून पाहिले, दोन्ही हातांनी ताणून पाहिले. सूत जाडेभरडे, पण अभंग. “ह्ये वर यायला पायजे. राबलेलं हाय, अजून राबंल.” घरच्यांना फोनवर विचारले, तेव्हा पलीकडे काही वेळ कोणी बोलले नाही, आणि मग, वर नको, हवे तर आत घाला, असा निरोप आला. केशवपन झालेल्या पणजीचे वस्त्र दिवाणखान्यात कोणाच्या दृष्टीस पडू नये, हे मी समजू शकतो. तथापि त्या गाठोड्यातील सर्वांत बळकट कापड ते होते आणि सर्वांत दुर्बळ पैठणी, आणि स्मृतीच्या नावाखाली दोहोंची अदलाबदल होत होती, हे माझ्या मनातून अद्याप जात नाही. आक्का गिऱ्हाइकाशी वाद घालणाऱ्या नव्हेत. आलवण त्यांनी पहिल्याच थराला घातले, सबंध, न कापता.

असल्या कामाला आता माल आणि माणूस दोन्ही दुर्मिळ. सुती लुगडे नेसणाऱ्या म्हाताऱ्या थोड्या उरल्या. घरातल्या जुन्या साड्या बोहारीण स्टीलच्या पातेल्यावर घेऊन जाते, आणि त्याही बहुतेक कृत्रिम धाग्याच्या, ज्यांना ना ऊब ना घाम टिपण्याचा गुण. आक्कांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे. सुई नात ओवून देते, ती शाळेतून आल्यावर. सून दहिवडीला पिको-फॉलचे काम करते, तिचा हात चलाख आहे, परंतु वाकळेची मजुरी तासांनी भागली तर काय उरते, हे तिने सासूपेक्षा अचूक मांडलेले आहे, आणि त्या हिशेबात मलाही चूक काढता आली नाही.

मी निघालो तेव्हा वळवाचे दोन पाऊस होऊन गेले होते आणि वाकळ ओट्यावरून आत, पडवीत आली होती. पैठणी जागेवर बसली होती, तिच्याखाली जुन्या मलमलीचा आधार देऊन आणि जरीचा काठ आत दुमडून. घोटाळा टेरिलीनच्या शर्टाचा होता: त्याला नखाने दुमड बसत नाही, बसवली तर राहत नाही, आणि आक्कांनी तो दोनदा लावून दोनदा उसवला होता. यंत्रावर घालू म्हणून सुनेने खटपट केली, तर कोट आणि सहा थर मिळून यंत्राच्या पायाखाली सरकेनात. पुण्याला कळवले आहे, की दसऱ्याच्या आत काम होणार नाही, आणि झाले तरी शर्टाची एक बाही परत येईल.