यंत्रांचा दुभाषी

मुलांनो, संगणक आणि प्रिंटर यांची भाषा एक नसते. ‘ड्रायव्हर’ नावाची आज्ञावली त्यांच्यात दुभाष्याचे काम करते. संगणकाच्या कार्यप्रणालीत सुधारणा झाली, की कधीकधी हा दुभाषी गोंधळतो. ९ मार्च २०२१ रोजी ‘विंडोज १०’मध्ये सुधारणा आली, आणि काही प्रिंटरांवर कागद छापावयास जाताच संगणकच बंद पडू लागले! १५ मार्चला मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती धाडली.

अशा वेळी दाखल्यासाठी कचेरीत आलेला मनुष्य खिडकीशी ताटकळतो. म्हणून यंत्रास दोष देण्यापूर्वी तार, कागद व शाई पाहावी; मग ‘कालपासून काय बदलले?’ हे शोधावे. नवा ड्रायव्हर बसवावा, अथवा दुरुस्ती येईपर्यंत ती सुधारणा मागे घ्यावी. कारण सापडले, की निम्मे काम झालेच!