जुन्या पिकअपचा अनियमित हिसका : निदानाचा एक प्रश्न

नांदगाव तालुक्यातून मनमाड-लासलगावच्या बाजारांकडे, किंवा चांदवडमार्गे मुंबई-आग्रा महामार्गाने थेट वाशीपर्यंत, कांदा वाहणाऱ्या गाड्यांत जुन्या डिझेल पिकअपही असतात. अशा गाड्यांची एक तक्रार नेहमीची आहे. गावात गाडी निर्दोष चालते. महामार्गावर ताशी ७०-८० किलोमीटरचा वेग येताच मधूनच हिसका बसतो, खालून ‘खट्’ असा आवाज होतो आणि गाडी पूर्ववत धावू लागते. मिस्त्रीच्या दारी नेली की दोष नाहीसा! आवाज खालचा, म्हणून प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस बदलले जातात. हिसका मात्र राहतोच. भरल्या गाडीने ट्रक ओलांडताना शक्ती क्षणभर जाणे किती घातक, हे सांगावयास नको.

येथे थोडे गणित उपयोगी पडते. ताशी ७२ किलोमीटर म्हणजे सेकंदास २० मीटर. चाकाचा परीघ २.१ मीटर धरला तर चाक सेकंदास सुमारे साडेनऊ फेरे घेते. मागील आसाचे गुणोत्तर ४ असल्यास शाफ्ट सुमारे ३८, म्हणजे मिनिटास सव्वादोन हजारांहून अधिक. शाफ्टचा तोल गेला असेल तर त्याची खूण प्रत्येक फेऱ्यात उमटेल. ती सलग थरथर असेल. दोन-तीन मिनिटांतून एकदा येणारा हिसका फिरणाऱ्या भागाचे मूळ अपत्य असणे कठीण.

पडताळाही साधा आहे. सपाट, मोकळ्या रस्त्यावर, नोंद घेणारा सोबती बसवून, तोच वेग चौथ्या व पाचव्या गिअरमध्ये राखावा. त्रास गाडीच्या वेगाशी बांधलेला असेल तर चाके व शाफ्ट पाहावे. इंजिनाच्या फेऱ्यांशी किंवा भाराशी बांधलेला असेल तर पुढे पाहावे. उतारावर न्यूट्रल करून हा प्रयोग कोणी करू नये.

अनियमित हिसक्याचे मूळ बहुधा इंधनपुरवठ्यात सापडते. वेग ४० वरून ८० वर नेला की वायुरोधावर मात करण्यास लागणारी शक्ती आठपट होते व डिझेलची मागणी त्यासोबत वाढते. अर्धवट तुंबलेला फिल्टर गावात पुरतो, महामार्गावर पुरत नाही. टाकीतील गाळ नळीच्या तोंडाशी ओढला जातो आणि इंजिन थांबताच खाली बसतो. मिस्त्रीला दोष न दिसण्याचे हे एक कारण. टाकीच्या झाकणाचे छिद्र बुजले तर आत निर्वात वाढतो. हिसक्यानंतर झाकण उघडताच ‘फुस्स’ आवाज आला तर तेच समजावे. सर्वांत फसवी असते ती पंपाआधीची रबरी नळी. तेथे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी असल्याने तडा गेला तरी डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. फिल्टर व पंप यांच्यामध्ये पारदर्शक नळीचा तुकडा जोडला की बुडबुडे दिसतात. पंपाच्या इंधनबंद सोलेनॉइडची ढिली तारही हेच करील.

मग आवाज खालून का? इंधन तुटताच इंजिन गाडीला ओढण्याऐवजी गाडीच इंजिनाला फिरवू लागते. बलाची दिशा उलटते, क्षणात पुन्हा सुलट होते. झिजलेल्या क्रॉसमधील मोकळीक दोन्ही वेळा आदळते. क्रॉस आवाजाला जबाबदार असतो, हिसक्याला नव्हे. तो झिजलेला असल्यास बदलावा हे खरेच. पण शाफ्ट उतरवण्यापूर्वी सरकत्या जोडावर खडूने खुणा कराव्यात. दोन्ही टोकांचे काटे एका पातळीत न बसल्यास एका सांध्याची चढउतार दुसरा भरून काढीत नाही, आणि पूर्वी नसलेली थरथर नव्याने सुरू होते.