मूल बोलायला शिकते कसे?

तीन वर्षांचे मूल ‘मी काम करलं’ म्हणते तेव्हा घरात हशा पिकतो. भाषाशास्त्रज्ञांना मात्र ही चूक मोलाची वाटते. घरातील एकही मोठा माणूस ‘करलं’ म्हणत नाही. मग हा शब्द आला कोठून? ‘धरलं’, ‘भरलं’ या रूपांमधील नियम मुलाने स्वतःच हेरला आणि ‘केलं’ या अपवादालाही लावला. नियम हेरण्याची ही क्षमता उपजत की कमावलेली, यावर साठहून अधिक वर्षे वाद सुरू आहे.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५७ मध्ये ‘व्हर्बल बिहेविअर’ या ग्रंथात भाषा हे प्रतिसाद आणि प्रोत्साहनातून घडणारे वर्तन असल्याचे मांडले. नोम चॉम्स्की यांनी १९५९ मध्ये या ग्रंथाचे परीक्षण करताना त्यावर कठोर टीका केली. कधीही न ऐकलेली वाक्ये मूल सहज रचते. त्याअर्थी व्याकरणाचा मूळ आराखडा मेंदूत जन्मतःच असला पाहिजे, असे प्रतिपादन त्यांनी पुढे केले.

१९९६ मधील एका प्रयोगाने या वादाला नवे वळण दिले. जेनी सॅफ्रन आणि सहकाऱ्यांनी आठ महिन्यांच्या बाळांना निरर्थक अक्षरांची अखंड मालिका केवळ दोन मिनिटे ऐकवली. कोणत्या अक्षरामागून कोणते वारंवार येते, एवढ्यावरून बाळांनी ‘शब्द’ वेगळे ओळखले. मायकेल टोमासेलो यांच्या मते तर असे साचे ओळखणे आणि समोरच्याचा हेतू जाणणे, या सर्वसाधारण क्षमता भाषेसाठी पुरेशा आहेत.

निकाराग्वातील अनुभवाचा आधार दोन्ही पक्ष घेतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून मानाग्वा येथील शाळांत एकत्र आलेल्या कर्णबधिर मुलांनी स्वतःची खुणांची भाषा घडवली आणि पुढच्या पिढ्यांतील लहान मुलांनी ती अधिक नियमबद्ध केली. व्याकरण मुलांनीच निर्माण केले, असे एक पक्ष सांगतो. सोबत्यांच्या सहवासाविना ते घडले नसते, असे दुसरा.

एका मुद्द्यावर मात्र फारसे दुमत नाही. पहिली काही वर्षे भाषेविना गेली, तर ते नुकसान पुढे पूर्णपणे भरून निघणे कठीण असते. म्हणूनच नवजात बाळाची श्रवणतपासणी महत्त्वाची ठरते. दोष आढळल्यास श्रवणयंत्र असो वा खुणांची भाषा, वाद मिटण्याची वाट न पाहता मुलापर्यंत भाषा पोहोचणे आवश्यक आहे.