शरणपूरची आफ्रिकन मुले

लोणावळेकरांना बोर घाटाची गोष्ट पाठ असते. १८५६ साली सुरू झालेले काम, डोंगर फोडताना पटकीने आणि अपघातांनी गेलेले हजारो मजूर, कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल वारल्यावर काम तडीस नेणारी त्याची पत्नी अ‍ॅलिस, आणि १८६३ मध्ये मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते झालेले उद्घाटन. फ्रिअर यांचे नाव आपल्याकडे बहुधा इथेच संपते. पण केनियात मोंबासा बेटासमोरच्या किनाऱ्यावर फ्रिअरटाउन नावाची वस्ती आहे. ती वसवायला सर्वांत आधी जी माणसे गेली, त्यांतली बरीचशी नाशिकहून गेली होती. ती जन्माने आफ्रिकन होती आणि वाढली होती महाराष्ट्रात.

मावळात आज वंचित मुलांसाठी झटणाऱ्या लहान संस्था आहेत. दिवाळीच्या तोंडावर त्यांची देणगीची आवाहने येतात आणि माणसे यथाशक्ती देतात. आफ्रिकेतल्या मुलांसाठी निधी म्हटला की मात्र ते दूर देशीचे काम वाटते. ते आपल्याच राज्यात, नाशकात कित्येक वर्षे चालले होते, हे आपण साफ विसरून गेलो आहोत. मला ही विस्मृती खटकते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर पूर्व आफ्रिकेतून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे गुलामांची वाहतूक जोरात होती. न्यासा सरोवराच्या आसपासच्या गावांवर धाडी पडत. धरून आणलेल्या माणसांना पायी किनाऱ्यापर्यंत नेत, तिथून झांझिबारच्या बाजारात आणि पुढे गलबतांत कोंबत. ब्रिटिश आरमाराची गस्ती जहाजे यांतली काही गलबते पकडत. सुटलेल्यांत मुले पुष्कळ असत. त्यांना परत कुठे सोडणार? गाव जळालेले, आईबाप बेपत्ता, आणि किनाऱ्यावर सोडले तर आठवड्याभरात पुन्हा विक्री. म्हणून त्यांतल्या अनेकांना मुंबई बंदरात उतरवीत. अशा मुलांसाठी मुंबईत सुरू झालेला आफ्रिकन आश्रम पुढे नाशिकला, रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी वसवलेल्या शरणपुरात आला. नाशिककर आज शरणपूर रोडवरून रोज जातात, तेच हे शरणपूर.

आश्रम चर्च मिशनरी सोसायटीचा होता. तिचा पैसा इंग्लंडमधल्या चर्चच्या वर्गण्यांतून आणि घराघरांतल्या मिशनपेट्यांतून थेंबाथेंबाने येई. मुलांना लिहायला-वाचायला शिकवीत आणि सुतारकी, लोहारकी असे धंदेही शिकवीत. बाप्तिस्म्याबरोबर त्यांना नवी इंग्रजी नावे मिळत. याओ जमातीचा चेंगविंबे असा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. मूळ नाव गेले ते गेलेच. पोटाला अन्न आणि हाताला कसब देणाऱ्यांनी मुलाची आधीची ओळख पुसायचाही अधिकार घेतला होता. या कामाचे मोल मी कमी करत नाही, पण हा अधिकार मला मान्य नाही. मदत घेणाऱ्याकडे गमावण्यासारखे काहीच नसते, असे देणाऱ्याला फार लवकर वाटू लागते.

१८६५ मध्ये डेव्हिड लिव्हिंग्स्टन मुंबईत आला. शेवटच्या आफ्रिका-प्रवासासाठी त्याला माणसे हवी होती. फ्रिअर यांच्या सल्ल्यावरून तो नाशिकला गेला आणि शरणपुरातले नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांच्याकडे शिकणारे चुमा आणि वेकोतानी हे दोघेही होते. लिव्हिंग्स्टनच्या रोजनिशीत या नाशिकच्या मुलांबद्दल तक्रारी आहेत: आळशी आहेत, ऐकत नाहीत. त्यांतला रिचर्ड पहिल्याच वर्षी वाटेत मेला. काही जण सोडून गेले. एडवर्ड गार्डनर आणि नॅथॅनिएल माब्रुकी मात्र शेवटपर्यंत राहिले. धाडीत घर गमावलेल्या मुलांना पुन्हा त्याच गुलामांच्या वाटांनी ओझी वाहत चालायला लावले, तर त्यांच्या पायांत हुरूप कुठून यावा, हा प्रश्न रोजनिशीत नाही.

१८७२ मध्ये मदतीला आलेल्या तुकडीत आणखी सहा नाशिककर होते. जेकब वेनराइट त्यांतला एक. १८७३ च्या मे महिन्यात चितांबोच्या गावी लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हा पुढे काय करायचे हे सांगायला एकही गोरा माणूस तिथे नव्हता. त्याचा जुना सेवक सुसी, चुमा आणि सोबत्यांनीच ठरवले की देह मायदेशी पोचवायचा. काळीज त्यांनी झाडाखाली पुरले. त्या वेळी प्रार्थना वाचली जेकबने, आणि झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली तीही त्यानेच. देह मीठ लावून उन्हात वाळवला, साल आणि कापडात गुंडाळला. मग महिनोन्‌महिने, हजार मैलांहून जास्त चालून १८७४ च्या फेब्रुवारीत ते बागामोयोला पोचले. वाटेत भेटलेल्या कॅमरॉन या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पुरा म्हणून सुचवले. त्यांनी ऐकले नाही. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीमध्ये लिव्हिंग्स्टनची शवपेटी वाहणाऱ्यांत जेकब वेनराइट होता. नाशकात शिकलेल्या या तरुणाने प्रवासाची स्वतःची रोजनिशीही लिहून ठेवली.

तिकडे १८७२ मध्ये फ्रिअर यांना झांझिबारच्या सुलतानाशी बोलणी करायला पाठवले गेले आणि १८७३ च्या जूनमध्ये तिथला गुलामांचा बाजार कायमचा बंद करणारा करार झाला. आता सोडवलेल्यांना आफ्रिकेतच ठेवायचे ठरले, म्हणजे मोंबासाला नवी वस्ती हवी होती. ती चालवायला वाचते-लिहिते, हाताला कसब असलेले लोक कुठे होते? शरणपुरात. प्राइस स्वतः गेले, त्यांच्यामागे सुमारे दीडशे आफ्रिकन गेले आणि शरणपूरचा आश्रम बंद झाला. त्या किनाऱ्यावर या लोकांना ‘बॉम्बे आफ्रिकन्स’ म्हणत. त्यांनी शाळा चालवल्या, दुभाष्याचे काम केले, सुतारकी-लोहारकी शिकवली.

इथे एक गोष्ट ठळकपणे सांगितली पाहिजे, कारण संस्थांच्या अहवालांत ती सहसा येत नाही. ही मुले मोठी झाल्यावर भांडली. गोऱ्या मिशनऱ्यांच्या मानाने आपल्याला तुटपुंजा पगार का, असे त्यांनी विचारले. फ्रिअरटाउनचा प्रमुख स्ट्रीटर रहिवाशांना फटके मारतो, हे प्रकरण १८८१ च्या सुमारास इतके चिघळले की चौकशी झाली आणि प्राइसना पुन्हा बोलावून घ्यावे लागले. इंग्लंडमधल्या काही हितचिंतकांना यात उर्मटपणा दिसला. मला तर वाटते, आश्रमाने जे काही चांगले केले त्याची खरी खूण हीच. ज्या मुलाला आपण वाढवले ते उद्या आपल्याला जाब विचारू शकते का? मावळातल्या कुठल्याही बालगृहाला देणगी देताना मी आता हेच पाहते: तिथून बाहेर पडलेली मुले संस्थेच्या कारभारात बोलतात का, की फक्त पत्रकावरच्या फोटोत हसतात.

अशा मुलांतलाच एक विल्यम जोन्स, शरणपुरातून १८६४ मध्येच मोंबासाला गेलेला. १८८५ मध्ये बिशप हॅनिंग्टन यांनी त्याला दीक्षा दिली आणि युगांडाच्या वाटेवर बरोबर नेले. त्या ऑक्टोबरात बुसोगात बिशपची हत्या झाली. उरलेल्या माणसांना सांभाळून किनाऱ्यावर परत आणले ते जोन्सने. मग तो मोंबासाजवळच्या राबाई मिशनमध्ये बसला. तिथे मालकांकडून पळालेले गुलाम आसऱ्याला येऊ लागले. त्यांना थारा दिला तर किनाऱ्यावरचे अरब मालक चढाई करतील, म्हणून मिशनचे वरिष्ठ धास्तावलेले. जोन्सच्या राबाईत तरीही ते येत राहिले, झोपड्या बांधत राहिले, शेते कसत राहिले. अखेर मालक एकवटले, तेव्हा ब्रिटिश पूर्व आफ्रिका कंपनीच्या जॉर्ज मॅकेन्झीने मालकांना भरपाई देऊन मार्ग काढला. १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत मुक्ततेचे कागद वाटले गेले. चौदाशेहून अधिक माणसांना ते मिळाले.