मिलीमीटर, मीटर आणि पुन्हा मिलीमीटर

१८९५ च्या सुमारास कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात जगदीशचंद्र बसू ज्या विद्युतचुंबकीय लहरींवर प्रयोग करत होते, त्यांतल्या सर्वांत आखूड लहरींची लांबी सुमारे ५ मिलीमीटर होती, ज्वारीच्या दाण्याएवढी. २०२२ साली भारतात ५जी सेवेसाठी स्पेक्ट्रमचा लिलाव झाला, त्यात २६ गिगाहर्ट्झचा पट्टा होता. त्या लहरींची लांबी साडेअकरा मिलीमीटरच्या आसपास भरते. म्हणजे जिथून आपण निघालो होतो, त्याच परिसरात सव्वाशे वर्षांनी परत आलो. मधल्या काळात जगाने शेकडो मीटर लांबीच्या लहरींची कास धरली होती. हा वळसा चुकीचा नव्हता. मात्र लहरीचा उपयोग तिच्या लांबीवर ठरतो आणि आज निरुपयोगी वाटणारी लहर उद्या अनमोल ठरू शकते, हा या वळशाचा धडा आपण अजून पुरता शिकलेलो नाही.

मॅक्सवेलने १८६५ मध्ये गणिताने दाखवले की प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहर आहे. हर्ट्झने १८८७-८८ मध्ये प्रकाशाहून कितीतरी लांब अशा लहरी प्रयोगशाळेत निर्माण केल्या आणि त्याही प्रकाशासारख्याच परावर्तित होतात, वळतात हे सिद्ध केले. बसूंनी मुद्दाम आखूड लहरी निवडल्या, कारण प्रकाशाचे गुणधर्म त्यांच्यात टेबलावरच्या छोट्या उपकरणांनी तपासता येत होते. पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांमधून लहर जाताना तिची कंपनदिशा कशी फिरते, हेही त्यांनी पाहिले. पण बिनतारी संदेशांना हवे होते अंतर. मार्कोनीने १९०१ मध्ये अटलांटिकपलीकडे संदेश पोहोचवला तो लांब लहरींच्या बळावर. लांब लहर जमिनीच्या वक्रतेला धरून पुढे सरकते, डोंगर-भिंतींना फारशी जुमानत नाही आणि रात्री वातावरणाच्या आयनीभूत थरांवरून परतून शेकडो किलोमीटर जाते. १९२७ मध्ये मुंबईचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, तेही शेकडो मीटर लांबीच्या मध्यम लहरींवर. आकाशवाणीच्या पुणे केंद्राची ७९२ किलोहर्ट्झची लहर सुमारे ३७९ मीटर लांब. निवेदक हे दोन्ही आकडे सांगत, आणि बातम्या, शेतीविषयक कार्यक्रम नि भक्तिगीते खेडोपाडी पोहोचत.

मग आखूड लहरींकडे परतण्याची गरज का पडली? कारण अंतराइतकीच जागाही महत्त्वाची ठरली. मध्यम लहरींचा सगळा पट्टा जेमतेम १ मेगाहर्ट्झ रुंद आहे. त्यात प्रत्येक केंद्राला ९ किलोहर्ट्झची पट्टी. आवाजासाठी तेवढे पुरे होते. चित्र, दूरध्वनी, इंटरनेट यांना पुरणारे नव्हते. २६ गिगाहर्ट्झचा पट्टा एकटाच ३ गिगाहर्ट्झहून अधिक रुंद, म्हणजे संपूर्ण मध्यम लहरींच्या सुमारे तीन हजार पट. त्याची किंमत अंतरात मोजावी लागते: ही लहर भिंतीशी अडते, पावसात क्षीण होते, म्हणून मनोरे जवळजवळ उभारावे लागतात. जी उणीव बसूंच्या काळी आडवी आली, तीच आता काही अंशी पथ्यावर पडली आहे. लहर दूर जात नाही, म्हणून तीच वारंवारता पुढच्या चौकात पुन्हा वापरता येते.

यावर एक आक्षेप आरोग्याचा आहे. क्ष-किरणही विद्युतचुंबकीय लहरीच, मग आखूड होत जाणाऱ्या लहरी धोक्याच्या नाहीत का? उत्तर पुन्हा लांबीतच आहे: लहर जितकी लांब, तितके तिच्या ऊर्जेचे पुडके, म्हणजे फोटॉन, दुबळे. रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला साधारण १० इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा लागते. २६ गिगाहर्ट्झच्या एका फोटॉनमध्ये त्याचा सुमारे एक लाखांशच असतो. दिसणाऱ्या प्रकाशाचा फोटॉनही त्याहून हजारो पट बलवान. तीव्रता फार असेल तर ऊतक तापते, म्हणून मर्यादा हवी, आणि भारताने २०१२ मध्ये मनोऱ्यांसाठी आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश पातळी ठरवली. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०११ मध्ये या लहरींना ‘कदाचित कर्करोगकारक’ गटात ठेवले, हे दडवू नये. पण तो गट मर्यादित पुराव्याचा आहे, सिद्ध दोषाचा नव्हे. संशोधन चालू राहावे. क्ष-किरणांची भीती मोबाइलला चिकटवणे मात्र शास्त्राला धरून नाही.

दुसरा प्रश्न आपल्या दाराशीच आहे, आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपण्याचा. १९६५ मध्ये कल्याणला रेडिओ-खगोलशास्त्रज्ञ गोविंद स्वरूप यांच्या गटाने १.८ मीटर व्यासाच्या ३२ तबकड्या उभारून ६१० मेगाहर्ट्झवर, सुमारे ४९ सेंटिमीटर लांबीवर, सूर्याचा वेध घेतला. पुढे जुन्नर तालुक्यातील खोडदजवळ ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय दुर्बीण झाली. तिने काही वर्षांपूर्वी जवळजवळ त्याच लांबीवर, ४८ सेंटिमीटरवर, सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघालेला हायड्रोजनचा संकेत टिपला. मूळची २१ सेंटिमीटरची लहर विश्वाच्या प्रसरणाने ताणली गेली होती. या परिसरातील रेडिओ-शांतता हवी म्हणून पुणे-नाशिक रेल्वेच्या आखणीतही हा मुद्दा आला. दुर्बिणीसाठी विकास अडवायचा का, असे विचारले जाते. प्रवाशांची गरज खरीच आहे. पण रेल्वेला दुसरी वाट काढता येते. हायड्रोजनची लहर किती लांब असावी हे आपण ठरवत नाही, ती दुसऱ्या पट्ट्यात हलवता येत नाही, आणि एकदा गोंगाट वाढला की अब्जावधी वर्षांचा प्रवास करून आलेला तो क्षीण संकेत त्यात बुडून जातो.

बसूंच्या मिलीमीटर लहरींना बाजारात मोल यायला एक शतक लागले. खोडदला ऐकू येणाऱ्या लहरींचे मोल आज कोणत्याच लिलावात ठरणार नाही. म्हणून तिथली शांतता राखणे हे शासनाचे काम आहे, आणि दुर्बीण पाहायला जाताना मोबाइल बंद ठेवणे हे आपले.